मात्रा आणि मार्ग यांचा विसर

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की योनीचे अस्तर पातळ होते, हितकारक लॅक्टोबॅसिलस जीवाणू कमी होतात आणि आम्लता घटते. कोरडेपणा, जळजळ, मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग हे त्याचेच परिणाम. अंगाची काहिली बहुधा काळाबरोबर शमते. हा त्रास मात्र उपचारांविना सहसा वाढतच जातो.

त्यावर अल्पमात्रेतील स्थानिक इस्ट्रोजेन हा प्रभावी उपाय आहे. १० मायक्रोग्रॅमची गोळी दोन आठवडे रोज व पुढे आठवड्यातून दोनदा योनीत ठेवली, तर रक्तातील इस्ट्रोजेन रजोनिवृत्तीनंतरच्या नेहमीच्या पातळीतच राहते. तरीही २००२ साली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या संयुक्त संप्रेरकांचे धोके दाखवले, आणि त्यावर आधारित ठळक इशारा अमेरिकेत या स्थानिक औषधांवरही छापला गेला. तो हटवण्याचा निर्णय तेथील औषध नियामकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मात्रा आणि मार्ग वेगळे असताना धोका एकच मानणे, ही मुळातच सदोष तर्कपद्धती होती.

भारतात रजोनिवृत्ती सरासरी सेहेचाळिशीच्या सुमारास येते. संकोचापोटी स्त्री बोलत नाही, डॉक्टर विचारत नाहीत; संसर्ग झाला की प्रतिजैविक, पुन्हा संसर्ग, पुन्हा प्रतिजैविक. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंशी झुंजणाऱ्या देशाला हे चक्र परवडणारे नाही. स्तनाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास किंवा अकारण रक्तस्राव असल्यास तज्ज्ञांचा सल्ला आधी हवाच. इतरांच्या बाबतीत प्रतिजैविकाच्या चिठ्ठीसोबत या उपचाराचीही चर्चा व्हावी.