फटफटी, बिबट्या आणि आपला राग

मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करावयास बसलेल्या गृहस्थाचा स्वभाव ज्यांस अजमावावयाचा असेल, त्यांनी आरंभीच्या अर्ध्या तासात त्याच्याकडे जाऊ नये. त्या वेळी तो प्रसन्न असतो. अंगणात गोणपाट अंथरून त्यावर पाने, पकड, डिसमिस आणि घासलेटाची वाटी त्याने मोठ्या निगुतीने मांडलेली असते, आणि गॅरेजवाल्याचे पैसे वाचविल्याचे समाधान, एक रुपयाही वाचण्यापूर्वीच, त्याच्या मुखावर विलसत असते. जावे ते गंजलेल्या नटाचे आटे घसरल्यावर, किंवा कार्बोरेटर खोलताना उडालेली टिचभर स्प्रिंग कोंबड्यांनी उकरलेल्या मातीत दिसेनाशी झाल्यावर. त्या वेळी घरातील मंडळी आपापल्या कामास लागतात, पोरे मुकाट्याने परसात निघून जातात, आणि दाराशी निजलेले कुत्रे, ज्याचा या सर्व प्रकरणाशी काडीमात्र संबंध नसतो, एक लाथ चुकवून उठून जाते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हा प्रसंग घरोघरचा आहे, कारण ज्या वाहनास तेथील म्हातारी माणसे अद्याप फटफटी म्हणतात ते तेथे हौसेखातर ठेवलेले नसते. पहाटे त्याच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकतात, दुपारी त्याच्यावर घासाचा भारा येतो, नारायणगावच्या बाजारास जावयाच्या टोमॅटोच्या जाळ्या त्याच्याच पाठीवर बांधल्या जातात, आणि सायंकाळी नवरा, बायको व दोन मुले असे सबंध कुटुंब त्यावरून ओतूर किंवा मंचरच्या लग्नास जाते. पाणंदीची चिकण माती मडगार्डाखाली थापून बसते, उसाचे पाचट चेनमध्ये गुंतते, आणि चेन ढिली पडली की ती ताणण्याचे काम, जे दिसावयास दोन नटांचे आणि पाच मिनिटांचे असते, ते सबंध सकाळ खाते. कारण दोन्ही बाजूंचे नट समसमान फिरले नाहीत तर मागचे चाक तिरके बसते, चाक तिरके बसले की चेन आणि दाते दोन्ही झिजतात, आणि हे सर्व कळते ते पाने आवरून, हात धुऊन, गाडी वेशीपर्यंत नेल्यावर.

या यंत्राशी भांडण्यात मनुष्याची मोठी विटंबना होते ती अशी की, त्यास दुष्टबुद्धी नसते हे ठाऊक असूनही मनुष्य त्यास शिव्या देतो. किक मारून मारून पोटरी दुखू लागली की, ऐन खोळंब्याच्या दिवशी हिने मुद्दाम दगा दिला, असे तो शपथेवर सांगेल. वस्तुतः तिच्यापाशी चौकशीची वाट अगदी उघडी असते. इंधन येते काय, ठिणगी पडते काय, हवा जाते काय, या तीन प्रश्नांपलीकडे जुन्या गाडीचे गूढ फारसे नसते. प्लग काढून पाहिला आणि त्याचे टोक काळ्या काजळीने भरलेले दिसले तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी. पांढुरके पडले असेल तर उलट. जो मेस्त्री नावाजलेला असतो तो गाडीवर रागावत नाही. तो प्लग उजेडात धरतो आणि कारणाकडून कारणाकडे मागे मागे जातो. बिघाडास कारण असते, त्यास गुन्हेगार नसतो, हे त्याच्या हातास उमगलेले असते.

सरकारी नियमांनी ही घरगुती चौकशी अलीकडे बरीच अवघड करून ठेवली आहे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर बहुतांशी हद्दपार झाला, आणि इंधन किती सोडावयाचे हे एक विद्युत-यंत्रणा ठरवू लागली. हवेच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु आता बिघाड झाला की पुढच्या तबकडीवर एक पिवळा दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार अंगणातील गृहस्थाकडून गॅरेजमधील तपासणी-यंत्राकडे गेलेला असतो. दुसरा नियम त्याआधीचा, 1 एप्रिल 2017 चा: नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागावा आणि चालकास तो मालवता येऊ नये. शहरात या नियमाची थट्टा झाली, भर दुपारी दिवा जाळीत जाणाऱ्यांस वाटेतल्या लोकांनी हातवारे करून सावध केले. जुन्नरच्या उसातून रात्री जाणाऱ्यास मात्र त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. मळ्यांतून वापरात असलेल्या कितीतरी गाड्या त्या नियमाच्या पूर्वीच्या आहेत, आणि ज्यांचा दिवा गेला आहे त्यांच्या हँडलास विजेरी किंवा मोबाईल बांधून काम भागविले जाते.

आता, मनुष्य रात्री तेथून का जातो, हा प्रश्न ज्यास पडेल त्याने शेतीपंपांच्या विजेचे वेळापत्रक पाहावे. पाळीपाळीने मिळणारी ही वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच येते, आणि पिकास पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास त्या वेळी मोटारीच्या पेटीपाशी हजर राहावे लागते. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी या कोरड्या मुलखास पाणी दिले, पाण्याने ऊस दिला, उसाने विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने दिले. आणि याच साखळीचा पुढील दुवा म्हणून, कोणी मागितला नसताना, बिबट्या आला. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे दाट पीक, जवळ पाणी, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे: जंगलाने जे दिले नसते ते शिवाराने दिले. तीन-साडेतीन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर मादी उसातच विते. तोड सुरू झाली की कोयत्यापुढे बछडी सापडतात. वनखात्याचे लोक ती टोपलीत किंवा खोक्यात घालून रात्री त्याच जागी ठेवतात, आणि आई येऊन एकेक तोंडात धरून घेऊन जाते. विहिरीत पडलेल्या बिबट्यास गावकरी दोरांनी बाज सोडतात, आणि ज्यास दिवसभर शिव्या दिल्या त्याचाच जीव वाचावा म्हणून काठावर शंभर माणसे श्वास रोखून उभी राहतात. आमच्या लोकांच्या अंतःकरणातील ही विसंगती मला त्यांच्या पुष्कळशा सुसंगत मतांहून अधिक भरवशाची वाटते.

या प्रकरणाची एक जुनी मिसल आहे, ती पुनःपुन्हा उघडून वाचावी अशी आहे. 2001 च्या आरंभी जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दूरच्या अरण्यात नेऊन सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली. हेतू निर्मळ होता. जनावरही वाचावे आणि माणूसही. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या मोहिमेचा अभ्यास करून 2011 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील निष्कर्ष असा की, तत्पूर्वी माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चार होती, ती मोहिमेच्या काळात सतरावर गेली. पिंजऱ्यात सापडलेले, हाताळले गेलेले, अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक धोक्याचे ठरले. आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येऊन राहिले. कारण न शोधता सुटा भाग बदलून पाहणाऱ्या अंगणातील गृहस्थाने जे गाडीचे केले, तेच एका सबंध खात्याने येथे केले, एवढाच फरक की येथे किंमत माणसांनी मोजली. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र हे त्याच काळाचे अपत्य. पकडलेले आणि परत सोडता न येणारे जनावर कोठे ठेवावे, या प्रश्नास मिळालेले ते उत्तर आहे.

हे सर्व शांतपणे लिहिता येते, कारण लिहिणाऱ्याचे मूल उसाच्या कडेला खेळत नसते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन बालके होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी जाळली, आणि अखेर एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे त्या दिवसांत सर्वांनी पाहिली. असा पट्टा पूर्वी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असे. ज्या मातेचे मूल गेले तिच्यापुढे जाऊन बिबट्याच्या निष्पापतेचे निरूपण करणाऱ्यास मी सहृदय म्हणणार नाही. तिचा राग न्याय्य आहे, आणि धोकादायक ठरलेले जनावर मारावे लागते, हेही मला मान्य आहे.

मात्र मारणे आणि शिक्षा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. युरोपात एके काळी त्यांची गल्लत खुशाल केली जात असे. फ्रान्सातील फालेझ या गावी 1386 मध्ये एका मुलाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीवर रीतसर खटला चालवून तिला फासावर लटकविण्यात आले. आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा अधिक शहाणा आहे. त्याच्या अकराव्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकास परवानगी देता येते ती जनावर मानवी जीवितास धोकादायक झाले आहे अशी खात्री पटल्यावर, आणि मारण्याचा हुकूम देण्यापूर्वी ते पकडता, बेशुद्ध करता वा अन्यत्र नेता येत नाही, याचीही खात्री व्हावी लागते. अपराधाचा प्रश्न कायदा विचारीतच नाही. आपण मात्र सूडाचे समाधान मागतो. आणि मेलेल्या बिबट्याच्या छायाचित्राने ते समाधान मिळाले की, पुढील चौकशी त्याच सायंकाळी दप्तरदाखल होते.

जनावरास अपराधी धरता येत नाही, ही गोष्ट या भूमीस नव्याने शिकवावी लागू नये. पैठणास ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. कुंभाराच्या नाही तर वाळूच्या ओझ्याखाली ज्याचा जन्म जावयाचा, त्या जातीच्या एका जनावरापुढे माणसे शतकानुशतके हात जोडीत आली आहेत. पश्चिमेकडील डोंगरपट्टीत महादेव कोळी बांधव आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस करतात, वाघोबास नैवेद्य दाखवितात. आणि त्याच तिथीस खालच्या गावांत गाय-वासराची पूजा होते. भक्ष्य आणि भक्षक एकाच दिवशी पूजावेत, आणि त्यात कोणास विरोध दिसू नये, एवढी समज ज्या लोकांत होती त्यांनी वाघास सोज्ज्वळ मानले होते असे समजण्याचे कारण नाही. शेळी नेल्याचे त्यांस पुरते ठाऊक होते. जनावराची निष्पापता सौम्यपणात नसते, हे त्यांनी ओळखले होते. ते जे करते त्याहून वेगळे करण्याचा पर्याय त्याच्यापुढे नसतो, आणि ज्यास पर्याय नाही त्यास जाब विचारता येत नाही. हरणाच्या पाडसास पाहून ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते त्यांस ही गोष्ट कठोर वाटेल, पण पाडसाची निष्पापता मान्य करावयास बुद्धी फारशी खर्चावी लागत नाही.

ज्यांच्यापुढे पर्याय आहेत त्यांच्याकडे आता वळले पाहिजे, आणि तेथे यादी बरीच लांब आहे. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये निघाली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. बिबट्याच्या पट्ट्यातील प्रत्येक वाहिनीस तिच्यात अग्रक्रम असावयास हवा होता. ऊसतोड कामगारांच्या खोप्या फडाच्या कडेला, दार नाही आणि दिवा नाही अशा स्थितीत, दरवर्षी उभ्या राहतात; मुले आत निजतात आणि आईबाप पहाटेच्या अंधारात तोडीस जातात. मेलेल्या कोंबड्या आणि जनावरे उघड्यावर टाकण्याची चाल आहे, तिने कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. मृताच्या वारसांस शासन पंचवीस लाख रुपये देते, ते द्यावेत, वेळेवर द्यावेत. पण ती रक्कम मृत्यूनंतरची आहे.

माझी सूचना लहान आहे आणि तीस फारसा खर्च नाही. हल्ला झाल्यावर वनखात्याकडून जो पंचनामा होतो त्यात जखमा, ठसे, स्थळ, वेळ हे सारे येते. त्यात आणखी काही रकाने घालावेत: सदर इसम त्या वेळी त्या ठिकाणी कोणत्या कामास गेला होता, त्या रात्री शेतीपंपास वीज किती वाजता होती आणि ती वेळ कोणी ठरविली होती, वाटेवर दिवा होता काय, त्याच्या वाहनाचा पुढचा दिवा चालू होता काय, नसल्यास तो किती दिवसांपासून बंद होता, मुक्कामाच्या जागेस दार होते काय, कामगार असल्यास त्यास कोणत्या कारखान्यासाठी आणले होते. पंचांच्या सह्यांबरोबर वीज पुरविणाऱ्या कचेरीच्या आणि तोडीस माणसे आणणाऱ्या मुकादमाच्या सह्याही त्या कागदावर घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत वर्षअखेरीस जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी एकत्र बांधून जाहीर वाचनासाठी ठेवावी.