पुरोहितांनी पापी ठरवलेला राजा

इराणच्या सासानी घराण्यातला पहिला यज्दगर्द इ. स. ३९९ ते ४२० या काळात गादीवर होता. पुरोहितांच्या वळणाने पुढे आलेल्या इराणी परंपरेत त्याच्या नावामागे ‘पापी’ हे बिरूद कायमचे लागले. ख्रिस्ती लेखकांनी मात्र त्याच राजाचे तोंडभरून कौतुक केले. ४१० मध्ये त्याच्या परवानगीने साम्राज्यातले बिशप राजधानीत जमले, त्यांच्या चर्चला राजमान्यता मिळाली आणि प्रार्थनेत राजाचे नाव घ्यायचे ठरले. पुढे एका बिशपच्या गोटातून अग्निमंदिर पाडले गेले आणि ते पुन्हा बांधून द्यायला बिशपने नकार दिला, तेव्हा याच यज्दगर्दने कठोर शिक्षा केली, हेही खरे. तरी त्याची सारी कारकीर्द समोर ठेवली, तर पुरोहितांचा निकाल अन्यायाचाच वाटतो.

या निकालाची दखल आज घ्यायला हवी, कारण धर्म आणि राज्य एकजीव असले की देश बळकट होतो, असे सांगताना सासानी इराणचे उदाहरण दिले जाते. या दोघांना जुळी भावंडे म्हणणारे वचन परंपरेने संस्थापक अर्दशीरच्या तोंडी घातले आहे. नाणीही तेच सांगतात: एका बाजूला मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूला पेटती अग्निवेदी. २२४ ते ६५१ अशी सव्वाचारशे वर्षे हे राज्य टिकले. पण ते नेमके कशाच्या जोरावर टिकले?

केवळ पुरोहितांच्या जोरावर नक्कीच नाही. तिसऱ्या शतकात कर्तीर नावाचा पुरोहित सत्तेच्या अगदी जवळ पोहोचला. नक्श-ए-रजबच्या कातळात त्याची आकृती आजही आहे: बिनदाढीचा चेहरा, उंच टोपी, वर उचललेले बोट आणि शेजारी त्याचाच शिलालेख. राजघराण्याबाहेरच्या माणसाला असा मान क्वचितच मिळे. ज्यू, बौद्ध, ब्राह्मण, ख्रिस्ती, मानीपंथी अशा सगळ्यांवर राज्यात प्रहार झाले, हे त्याने आपल्या शिलालेखात अभिमानाने नोंदवले. पहिल्या शापूरने दरबारात मान दिलेला मानी पहिल्या बहरामच्या कैदेत मेला. त्याचा पंथ मात्र संपला नाही, तो थेट चीनपर्यंत पोहोचला.

छळामागे दरवेळी केवळ श्रद्धाच असे, असेही नाही. दुसऱ्या शापूरला रोमशी लढायला पैसा हवा होता. रोमचे सम्राट तोवर ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे आपल्याच ख्रिस्ती प्रजेच्या निष्ठेवर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याने त्यांच्यावर दुप्पट कर लादला. तो वसूल करून द्यायला बिशप शिमोनने नकार दिला आणि त्याला देहदंड झाला. धर्माच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या या प्रकरणात खजिना आणि सरहद्द किती होती, हे इतिहास शिकवताना स्पष्ट सांगितले पाहिजे.

ज्या पहिल्या खुस्रोला आपण न्यायी नौशेरवान म्हणून ओळखतो, त्याचा न्यायही तपासायला हवा. मज्दक या पंथप्रवर्तकाच्या अनुयायांचा त्याने निर्दयपणे बीमोड केला. मग जमीन मोजून सारा ठरवला आणि २० ते ५० वयाच्या पुरुषांवर डोईपट्टी बसवली. त्या पट्टीतून सरदार, सैनिक, पुरोहित आणि कारकून यांना सूट होती, म्हणजे भार सामान्य रयतेवर पडला. याच राजाने अथेन्समधून आलेल्या तत्त्वज्ञांना आश्रय दिला आणि ते मायदेशी परतताना त्यांना त्रास होऊ नये, असे कलम ५३२ च्या रोमशी झालेल्या तहात घालून घेतले. हा उदारपणाही तितकाच खरा आहे.

त्याचा मुलगा चौथा होर्मिझ्द याच्याकडे पुरोहितांनी ख्रिस्ती लोकांवर कारवाईची मागणी केली. मागचे पाय काढले तर सिंहासन नुसत्या पुढच्या पायांवर उभे राहील का, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे तबरी हा इतिहासकार सांगतो. राज्याची खरी घडण त्या उत्तरात आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे राजधानीच्या अवतीभवती, ज्यू आणि ख्रिस्ती वस्ती दाट होती. बाबिलोनी तालमूद याच राज्यात घडला. ज्यूंचा स्वतःचा प्रमुख होता, त्यांची न्यायालये होती. या लोकांना दुखावून कर कुठून गोळा झाला असता?

या समाजाचे रोजचे व्यवहार पाहायचे, तर ‘मादयान-ए हजार दादेस्तान’ हा कायदेग्रंथ वाचावा. त्यात लग्न, वारसा, गुलाम, कर्ज यांचे दावे आहेत. अग्नीच्या नावे मालमत्ता ठेवायची आणि तिची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या घराण्यातच राखायची, याचेही नियम आहेत. त्याचे एकमेव ज्ञात हस्तलिखित मुंबईच्या पारशी अभ्यासकांमुळे उजेडात आले आणि सोहराब जमशेदजी बलसारा यांचे इंग्रजी भाषांतर १९३७ मध्ये मुंबईतच छापले गेले. धर्मराज्याचे गोडवे ऐकणाऱ्या महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ अभ्यासाला लावायला हवा, आणि विद्यापीठांनी ते काम याच वर्षी हाती घ्यावे.