‘जीव वाचला ना?’

‘जीव वाचला ना? मग झालं तर!’ स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेतलेल्या बाईने कुठे दुखतंय म्हटलं रे म्हटलं, की डॉक्टरांपासून जावेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच. जीव जसा काही यांच्याकडून उसना घेतलाय आणि दुखणं हे त्याचं व्याज!

कॅन्सर उलटू नये म्हणून माझी लेट्रोझोल चालू आहे. रोज एक गोळी, पाच वर्षं. सकाळी बोटं अशी आखडतात की दुधाची पिशवी दातांनी फाडावी लागते. ओपीडीत हे सांगितलं, तर ‘वयानुसार होतंच’ असं उत्तर मिळालं, तेही माझ्या नवऱ्याकडे बघून. तोवर पुढच्या पेशंटची फाइल टेबलावर आलीसुद्धा.

वय काय गोळीच्या पाकिटातून आलं? ही गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवते. त्याने सांधे धरतात, हाडं विरळ होतात, हे डॉक्टरीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. नेमाने व्यायाम केला तर दुखणं उतरतं. नाहीच भागलं तर त्याच गटातली दुसरी गोळी किंवा टॅमोक्सिफेन देता येते. हाडांसाठी डेक्सा तपासणी असते. एवढं सांगायला मिनिट पुरतं.

गर्दी असते, कबूल. पण परळच्या टाटा मेमोरियलमध्ये काय माश्या मारत बसतात? तिथल्या डॉक्टरांनी केमोच्या मळमळीवर ओलान्झापिन 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅम देऊन पाहिली. मळमळ-उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या, दिवसाची गुंगी मात्र कमी झाली. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ते छापून आलं. पेशंटची पेंगण्यात गेलेली दुपार कुणाला तरी मोजावीशी वाटली!

घरचे तर वरताण. केमो चालू असताना ताप 100.4च्या वर गेला की तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, जंतुसंसर्ग जिवावर बेततो. आमच्याकडे आधी तापाची गोळी, मग दृष्ट, मग पपईच्या पानांचा रस.

गोळीमुळे येणाऱ्या योनीच्या कोरडेपणाचं तर नावच काढायचं नाही. काढणार तरी कशी? नवरा शेजारच्या खुर्चीत. त्याला दोन मिनिटं बाहेर बसवावं, हे एवढ्या डिग्र्या लावूनही सुचत नाही.

मग बायका गुपचूप गोळ्या बंद करतात. कॅन्सर उलटला, की फाइलवर शेरा पडतो: ‘पेशंटने स्वतःहून औषध थांबवले.’ त्याआधी ती काय काय सांगत होती, याची त्या जाडजूड फाइलीत एक ओळ सापडत नाही.