मेघांचा धनी कोण?

पिंपरी-चिंचवडांत 2019 च्या नोव्हेंबरांत नळास दिवसाआड पाणी येऊं लागलें, तेव्हांपासून चहाच्या वेळीं पाण्याची गोष्ट निघाली नाहीं असा उन्हाळा आम्हांस आठवत नाहीं. गेल्या ज्येष्ठांत आकुर्डीस एका स्नेह्यांकडे बसलों असतां त्यांचे एंजिनीयर चिरंजीव म्हणाले, "काका, पवना धरणावर ढग तर येतातच, विमान पाठवून ते तेथेंच रिते करून घेतले म्हणजे झालें!" यावर त्यांच्या मातोश्री सहज बोलून गेल्या, "अरे, पण ते ढग पुढें ज्यांच्या शेतावर जायचे, त्यांनीं काय करावें?" चिरंजीव गप्प झाले. खरें सांगावयाचें तर आम्हीही.

कृत्रिम पाऊस हा जादूटोणा खास नव्हे. निरभ्र आकाशांतून थेंबही पडत नाहीं. ज्या ढगांत मुळांतच पाणी आहे, त्यांत क्षाराचे सूक्ष्म कण सोडले असतां त्यांवर बाष्प जमून थेंब जड होतात, एवढेंच. पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 1973 ते 1986 या काळांत बारामतीच्या बाजूस मीठ फवारून पाहिलें, आणि 2018 व 2019 सालीं सोलापुरास नव्या साधनांनीं पुन्हा प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष 2023 सालीं प्रसिद्ध झाला : 100 चौरस किलोमीटर टापूंत सुमारें 18 टक्के पाऊस अधिक, खर्च लिटरामागें 18 पैसे. सर्वच ढग मात्र अनुकूल नसतात.

आतां मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळूं. शेजाऱ्याचा पाऊस चोरला जातो असें सिद्ध झालेलें नाहीं. ढग ही कांहीं तोंडापर्यंत भरलेली घागर नव्हे. पण अमुक दिवशीं अमुक गांवीं जो पाऊस पडला, तो विमानाविनाही पडलाच असता कीं नाहीं, हें कोणासही सांगतां येत नाहीं. शेंकडों दिवसांची सरासरी शास्त्रज्ञांस पुरते, कोरड्या शेतकऱ्यास पुरत नाहीं. येथेंच संशयास वाव मिळतो. मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें फोक्सवॅगन कंपनी (हिचाच कारखाना आपल्या चाकणास आहे) नव्या मोटारी गारांपासून वांचवण्यास आकाशांत तोफा डागीत असे. त्या तोफांनीं गारा थांबतात याचाही पुरावा नाहीं. तरी अवर्षण त्यांच्यामुळेंच, असें शेतकऱ्यांनीं धरलें, आणि 2018 सालीं कंपनीस माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे 2019 च्या ऑगस्टांत मराठवाड्यावर सरकारचीं विमानें ढग शोधीत फिरत होतीं, आणि त्याच महिन्यांत सांगली-कोल्हापूर पुरांत बुडालें होतें. विमानें कृष्णेच्या खोऱ्यावर उडालीं असतीं, तर त्या पुराचा दोष कोणाच्या माथीं आला असता?

आकुर्डीकरांनीं तर हें विसरूंच नये. पवनेचें पाणी बंद नळानें शहरास आणण्याविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजीं मावळांत आंदोलन झालें, व पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचे प्राण गेले. तें पाणी निदान डोळ्यांनीं दिसत होतें, मोजतां येत होतें.

म्हणून पवनेच्या खोऱ्यांत कधीं विमान पाठवावयाचें ठरलेंच, तर आधीं मावळांतील गांवांस कळवावें. कोणत्या दिवशीं, कोणत्या ढगांत, किती क्षार सोडला व भोंवतालच्या प्रत्येक पर्जन्यमापकावर किती पाऊस झाला, ही नोंद आठवड्याच्या आंत चावडीवर लागावी. फसलेले दिवसही तींत यावेत. इतकें होत असेल, तर चिरंजीवांच्या विमानास आमची हरकत नाहीं.