खाली जाण्याची सोय

जेमी वार्डीची गोष्ट मराठीत आता कुणी सांगू नये, निदान काही वर्षं तरी. कॉलेजच्या गॅदरिंगला आलेले पाहुणे ती सांगतात, स्पर्धापरीक्षेच्या क्लासचे सर सांगतात, आमच्या कंपनीत वर्षातून एकदा येणारा प्रेरणादायी वक्ताही सांगतो. शेफील्ड वेन्सडे क्लबने कोवळ्या वयात नाकारलेला पोरगा, दिवसा कारखान्यात काम करतो, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या कुठल्याशा क्लबकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळतो, आणि २०१६ मध्ये लेस्टर सिटीला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून देणारा स्ट्रायकर होतो. मग टाळ्या. मग तात्पर्य : जिद्द असली की सगळं होतं.

जिद्द होतीच त्याच्याकडे, पण ती फैजपुरातही आहे. केळीच्या बागेत पहाटे मोटार सुरू करून येऊन सात वाजता मैदानावर धावणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यांच्यातल्या काहींबरोबर धावलोही आहे. फैजपुरात नाही ते स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स. वक्ता नेमका ज्या नावावर ‘कुठल्याशा’ म्हणून पुढे सरकतो, ती खरी गोष्ट आहे.

स्टॉक्सब्रिज हे शेफील्डजवळचं पोलादाचं गाव, लोकसंख्येने फैजपूरपेक्षा लहान. तिथे देशाच्या सातव्या-आठव्या पायरीवर खेळणारा एक क्लब आहे. त्याला मैदान आहे, वेळापत्रक आहे, आणि खेळणाऱ्याच्या हातावर थोडेफार पैसे टेकवण्याची ऐपत आहे. त्याच्यावर एक पायरी आहे, तिच्यावर आणखी एक. वार्डी २०१० मध्ये हॅलिफॅक्सला गेला, २०११ मध्ये फ्लीटवूडला, २०१२ मध्ये १० लाख पौंडांना लेस्टरला. प्रत्येक वेळी वरच्या पायरीवर कुणीतरी त्याला पाहायला बसलेलं होतं, कारण पाहण्यासारखे सामने दर शनिवारी होत होते. हे सगळं गाळून उरते ती जिद्द. ती फुकट असते, म्हणून आपल्याकडे तिचाच पुरवठा करतात.

आणि वार्डी हे उदाहरणच मुळात चुकीचं. तो शिखरावर पोचला, म्हणून आपल्याला त्याचा पायथा आवडतो. मला अडेबायो अकिन्फेन्वा जास्त महत्त्वाचा वाटतो. लंडनचा हा अवाढव्य देहाचा स्ट्रायकर २००१ मध्ये लिथुआनियात सुरू झाला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. मधल्या काळात टॉर्की, स्वॉन्झी, नॉर्दम्प्टन, जिलिंगहॅम, विंबल्डन, विकम. प्रीमियर लीगमध्ये एकही सामना नाही, देशाच्या संघाचा तर प्रश्नच नाही. गोल मात्र दोनशेच्या वर. २०१६ मध्ये एएफसी विंबल्डनला वरच्या श्रेणीत नेणाऱ्या अंतिम सामन्यात त्याने शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल केला. करार संपत होता, वय ३४. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने हसत हसत सांगितलं, की मी आता बेरोजगार आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सअ‍ॅप करावं. विकमने घेतला. चार वर्षांनी विकम दुसऱ्या श्रेणीत गेला आणि हा गडी ३८व्या वर्षी तिथे खेळला.

याला आपण काय म्हणू? आपल्या भाषेत खेळाडूसाठी दोनच शब्द तयार असतात, ‘चमकला’ आणि ‘वाया गेला’. एकवीस वर्षं आपल्या कामावर घर चालवणाऱ्या, हजारो लोकांना शनिवारी घराबाहेर काढणाऱ्या मध्यम खेळाडूसाठी शब्द नाही. शब्द नाही कारण तसा माणूस आपण तयार होऊ देत नाही.

(आयटीवाल्यांना बेंचवर बसण्याचा अर्थ माहीत आहे. प्रोजेक्ट नसताना कंपनी काही महिने पगार देऊन बसवून ठेवते. हा शब्द खेळातूनच आला, पण फैजपूरच्या बाजूला खेळाडूला बेंचचा पगार मिळतो असं सांगितलं तर लोक फिरकी घेतोय समजतील.)

‘इंग्लंड श्रीमंत आहे’ हे उत्तर मला माहीत आहे. म्हणून आपल्याच पैशाकडे बघू. पुण्याच्या व्यंकीजने, कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यातल्या कंपनीने, नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. १८७५ चा क्लब, १९९५ चा इंग्लंडचा विजेता. नव्या मालकांच्या हाताखाली तो २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला. तो निकाल लागला त्या सामन्यात चिडलेल्या लोकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. पुढच्याच वर्षी परत वर. शिव्या खाल्ल्या, तोटा सोसला, पण क्लब आहे. पुढच्या शनिवारी त्याचा सामना असतो. ब्लॅकबर्न शहर जळगावपेक्षा बरंच लहान आहे.

आता ज्या पुण्यातून तो पैसा जातो, तिथल्या क्लबांची यादी पाहा. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये देशात दुसरा आला, आणि २०१५ नंतर त्या लीगमध्ये दिसला नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला गेला, त्याची जागा हैदराबादला मिळाली. मुंबईत महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकून २०१० मध्ये बंद झाला. यांतला एकही क्लब खेळात हरून संपला नाही. मालकाचा हिशेब जुळेनासा झाला आणि संपला.

भारत एफसीची कथा तर प्रत्येक क्रीडा-व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावी. २०१५ च्या हंगामात तो शेवटचा आला. पण पैसे भरून थेट प्रवेश घेतलेल्या क्लबला खालच्या श्रेणीत न जाण्याची सूट होती. म्हणून उतरला कोण, तर गोव्याचा डेम्पो, पाच वेळा देशाचा विजेता. शेवटच्या क्रमांकावरच्या भारत एफसीला उतरण्यापासून वाचवलं, आणि त्याने हंगाम संपल्यावर दुकान बंद केलं. डेम्पो उतरला, खालची श्रेणी जिंकला, पुढे महासंघाशी भांडून बाहेरही पडला, आणि तरीही २०२४-२५ मध्ये खालून खेळत परत आय-लीगमध्ये आला. ज्याला उतरता आलं तो टिकला.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी अंगावर घ्यायला तयार आहे : आपल्या खेळात वर चढण्याची शिडी कमी आहे हे खरं दुखणं नव्हे, खाली उतरण्याची सोयच नाही हे आहे. २०१४ हे आपल्याकडे क्रांतीचं वर्ष मानतात. त्या वर्षी प्रो कबड्डी सुरू झाली, आयएसएल सुरू झाली. दोन्ही बंद दाराच्या. आत आहात तोवर दिवे, गाणी, लिलाव. बाहेर पडलात की अंधार. २०२५ च्या जुलैमध्ये महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आला म्हणून आयएसएलचा पुढचा हंगामच अडकून पडला. देशातली सर्वोच्च लीग एका कराराच्या तारखेवर लटकते, कारण तिच्या खाली जमीन घातलेली नाही. आयएसएलमध्ये वर जाण्याचं दार अलीकडे किलकिलं झालंय, पंजाब एफसी २०२३ मध्ये त्यातून आत गेला. उतरण्याचं २०२५ पर्यंत तरी बंदच होतं.

इंग्लंडातही क्लब मरतात, ते लपवण्यात अर्थ नाही. आपला बायचुंग भूतिया १९९९ मध्ये ज्या बरी क्लबकडून खेळायला गेला, तिसऱ्या श्रेणीत, तो १८८५ चा क्लब २०१९ मध्ये देणी थकल्यामुळे लीगमधून हाकलला गेला. गावाने पुढे तो खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू केला. आणि विंबल्डन! मालकांनी मूळ क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं, तेव्हा २००२ मध्ये समर्थकांनी आपला नवा क्लब काढला, नवव्या पायरीवर. नऊ वर्षांत तो वर लीगमध्ये पोचला. अकिन्फेन्वाने पेनल्टी मारली ती याच क्लबसाठी. एफसी पुणे सिटी हैदराबादच्या पदरात गेला तेव्हा बालेवाडीला भगव्या जर्सीत येणाऱ्या लोकांसमोर तशी पायरी कुठे होती?

आमच्या भागाकडे येतो. फैजपूर म्हटलं की शिकलेला माणूस १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन काढतो : खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोसांची. अभिमान रास्त आहे. पण नव्वद वर्षांपूर्वी एकदाच झालेल्या गोष्टीवर गावाने जगावं ही सवय आमच्या खेळातही उतरली आहे. आमच्याकडे लीग नसते, चषक असतो. आमदार चषक, नगराध्यक्ष चषक, अमुक भाऊंच्या वाढदिवसानिमित्त चषक. टेनिस बॉल, एलईडी दिवे, मालिकावीराला मोटारसायकल, माइकवर अहोरात्र कॉमेंट्री. आठ दिवसांत सगळं उरकतं आणि मंडप सुटतो. उरलेल्या सत्तावन्नाव्या दिवसापासून, म्हणजे सगळे चषक धरूनही वर्षातले तीनशे दिवस, खेळाडूने काय करायचं हे फलकावर फोटो असलेल्या एकाही भाऊला विचारून पाहा. चषकाला भाऊ लागतो. लीगला कमिटी लागते, रोखवही लागते, पंचांचं मानधन वेळेवर द्यावं लागतं, आणि त्यात कुणाचा फोटो येत नाही.

शाळेत खेळाचा उपयोग दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपुरता, पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणापुरता. म्हणजे खेळायचं कशासाठी, तर प्रमाणपत्र मिळून खेळ थांबवता यावा यासाठी. ही योजना आखणारा माणूस भेटला तर त्याला मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी देईन. एवढं स्वच्छ उलटं तर्कशास्त्र मुद्दाम लिहिता येत नाही.

आणि मग सगळे मिळून आईबापांना झोडतात. ‘पालकांची मानसिकता’. घराघरात विचारतात ना, ‘खेयून काय करशीन?’ हा प्रश्न मागासलेला नाही, तो बिनचूक आहे. त्याच घरातली माणसं पोराला इंजिनिअरिंगला घालताना तो आयआयटीत लागेल या भ्रमात नसतात. आयआयटी नाही तर पुण्याचं सरकारी कॉलेज, ते नाही तर जळगाव, ते नाही तर खुद्द फैजपुरात इंजिनिअरिंग कॉलेज आहे. नोकरी मोठ्या कंपनीत नाही तर छोट्या, ती नाही तर सपोर्टमध्ये रात्रपाळी. प्रत्येक पायरीला खाली आणखी एक पायरी. मी या उतरंडीवर कुठेतरी मध्ये उभा आहे, हप्ते फेडतो आहे, मला कुणी ‘वाया गेलेला अभियंता’ म्हणत नाही. माझ्याबरोबर खेळणाऱ्यांत माझ्याहून कितीतरी सरस पोरं होती. त्यांना बाविसाव्या वर्षी थांबावं लागलं, कारण त्यांच्या पायरीखाली काही नव्हतं. आईबापांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांना प्रेरणेची नव्हे, पायऱ्यांची खात्री द्या, मग बघा.

‘महाराष्ट्रात हे जमायचं नाही’ म्हणणाऱ्याने कोल्हापूरला जावं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. पेठापेठांच्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, केएसएचा हंगाम, आणि घरातल्या भांडणाइतकं जवळचं वैर. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. हुल्लडबाजी होते, आणि कोल्हापूरच्या उत्तम स्ट्रायकरला शहराबाहेर नेणारी पायरी अजून डगमगती आहे. पण तिथे संघ कुणा भाऊचा नसतो, तालमीचा असतो. म्हणून भाऊ गेला तरी संघ राहतो. खानदेशातही तालमी आहेत, व्यायामशाळा आहेत, यात्रेत कुस्त्यांच्या दंगली होतात. म्हणजे कच्चा माल आहे.

तेव्हा हिशेब मांडतो, सवय आहे म्हणून. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर, जळगाव. ८ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर : ५६ सामने, १४ रविवार. नोव्हेंबरात सुरू, फेब्रुवारीत संपलं, उन्हाळ्याच्या आत. प्रवास एसटीचा. फुटबॉल नको असेल तर कबड्डी घ्या, माझा हट्ट चेंडूचा नाही. बक्षिसाची मोटारसायकल रद्द करा, तिच्या पैशांत प्रत्येक सामन्याला दोन पंच आणि एक फर्स्ट एडची पेटी येते. खेळणाऱ्याला दर सामन्याला रोख काहीतरी द्या, चहा-नाश्त्यापलीकडचं, आणि त्याची सही घ्या. व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढायची तर आमच्याकडे केळीच्या हंगामात तिचा तोटा नसतो. फलकावर फोटो नको.

आठव्या आलेल्या संघाचं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. त्यांचा पुढचा सामना नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, सावद्याशी, घरच्या मैदानावर.