प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, पेढे वाटून झाले की घरोघरी दुसरीच चर्चा सुरू होते. मुलाने वसतिगृहात राहायचे की घरून जाऊन-येऊन करायचे? मुलगी असेल तर ही चर्चा जरा खालच्या आवाजात होते, आणि निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो.

वरवर पाहता हिशेब घराच्या बाजूने लागतो. एसटीचा पास विद्यार्थ्याला भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळतो, शिवाय घरचा डबा. पण पासावर वेळेची किंमत छापलेली नसते. विरार-बदलापूरहून दक्षिण मुंबईतले कॉलेज गाठायचे तर जाऊन-येऊन तीन तास सहज मोडतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठरा. गावाकडे शेवटची गाडी साडेपाचची असली की लांबलेले प्रॅक्टिकल, ग्रंथालय, नाटकाची तालीम, सारेच सुटते. घरी पोहोचल्यावर मुलगा निदान पुस्तक उघडू शकतो. मुलीच्या हाती लाटणे येते.

नुसती शाळा काढून भागत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग काढले. खेड्यातले पोर शिकायचे तर त्याला आधी पाठ टेकायला जागा हवी, इतका तो साधा विचार होता.

आज सरकारचा भर शुल्कावर आहे. २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मागास व आर्थिक दुर्बल कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. निर्णय चांगलाच. मात्र खोली आणि मेस घरच्यांच्याच माथी राहिली, आणि मुलगी जवळच्या, मनात नसलेल्या अभ्यासक्रमाला जाते ती बरेचदा याच कारणाने. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ती आखताना पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले, त्यात राहण्याचे २०,०००. दहा महिन्यांवर वाटले तर महिना दोन हजार! एवढ्यात आज पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधून दाखवावी.

वसतिगृह म्हणजे सुखाची जागा नव्हे, हे तिथली डाळ खाल्लेल्यांना सांगायला नको. एका बाजूचा प्रवास तासाच्या आत असेल तर घर सोडूच नये, असे माझे मत. दीड तासाच्या पुढे मात्र वसतिगृहाची जागा मिळत असेल तर पालकांनी ‘पहिले वर्ष बघू’ म्हणून ती हातची घालवू नये. दुसऱ्या वर्षी ती मिळेलच असे नाही.

अडचण एवढीच की वसतिगृहाची यादी पुष्कळदा कॉलेज सुरू झाल्यावर लागते. तोवर शहरातल्या मावशीचे घर असते, आणि मावशीच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसे असतात.