थिजलेला रिसोट्टो
परवा पुण्यातल्या एका इटालियन रेस्टॉरंटात फूड ब्लॉगरांच्या पंगतीला बसायचा योग आला. पंगत म्हणायची एवढंच. जेवत कोणी नव्हतं. रिसोट्टो आला की आधी त्याच्यावर मोबाइलचा उजेड, मग खुर्चीवर चढून वरून फोटो. आर्बोरिओ तांदळाचा हा भात ढवळून ढवळून आपल्या आसट भातासारखा सैल ठेवतात. तो गरमच खायचा, नाहीतर थिजतो. थिजलाच. कार्बोनारा पास्त्यात तर चक्क क्रीम! रोममध्ये त्यात अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. क्रीमला थारा नाही. कोणी चकार शब्द काढला नाही. फुकटच्या जेवणाला नावं कोण ठेवणार? तिरामिसू तेवढं झकास होतं, कॉफी कडक, गोड बेताचं. मी दोनदा मागून घेतलं.